जागांचा डबा

या, जरा जवळ सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीसुद्धा पुढं या, तिकडं ऐकू जायचं नाही. बुवांची गाडी अजून रंकाळ्यापाशीच असेल आणि तबलजी आत्ता कुठं हातोडी काढून बसलाय. कीर्तन उभं राहायला अर्धा तास सहज आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. भीतीची आहे. पन्नास वर्षांत मी ती तीनदाच सांगितली आणि तिन्ही वेळा देवळातच. घरात सांगायचं धाडस मला होत नाही.

"ह्यात भूत कुठाय ते मला दाखव," आबासाहेब म्हणाले आणि कागदांचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर टाकला.

सत्तर सालचा श्रावण. मी सव्वीस वर्षांचा. इथंच कोल्हापुरात, एका बोळात 'काळछाया' नावाच्या मासिकाची कचेरी होती. खाली छापखाना आणि वर आम्ही दोघं. आबासाहेब गुळवणी संपादक. मी, वामन हेर्लेकर, बाकीचं सगळं. मुद्रितं तपासायची, टपाल फोडायचं, आणि तीन टोपणनावांनी भयकथा लिहायच्या. त्या वर्षी दिवाळी अंकासाठी नवलेखिकांची स्पर्धा लावली होती, पहिल्या नंबराला इरकल साडी. रोज टपालानं भुतं येत होती.

"अकरा पानं वाचली," आबासाहेब चिमटीत तपकीर धरून म्हणाले. "एक बाई माडीवर बसलीय. बसलीय ती बसलीय. भिंत झाली, खिडकी झाली, जिना झाला. मला वाटलं, आता येतंय. कसलं काय! शेवटच्या पानावरही बाई तिथंच."

"उचलून बघितलीत?"

"तू बघ. माझे डोळे दुखले."

उचलून बघणं ही आबासाहेबांची परीक्षा. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला ती शिकवली होती. गोष्ट हातात आली की आधी तिची जागा उचलून बघायची. डाकबंगल्याऐवजी किल्ला घाल, किल्ल्याऐवजी चुन्याची भट्टी घाल. गोष्ट तशीच चालली तर माल विकाऊ, आपला. जागा उचलल्याबरोबर गोष्ट अंगावर कोसळली तर ती मोठ्या लोकांच्या मासिकांसाठी, साभार परत. "आपला वाचक चांदा ते बांदा पसरलाय वामन," ते म्हणायचे. "त्याला कुठलाही वड चालतो. फक्त तो त्याच्या परसातला नसावा."

ह्या धंद्यातूनच डबा आला. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. नापसंत गोष्टीत एखादी जागा झकास उतरली असली की मी कात्रीनं तेवढाच उतारा कापायचा, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवायचा आणि डब्यात ठेवायचा. आत कप्पे केले होते. विहिरी, माड्या, वाटा, नदीकाठ. लिहायला बसलं आणि सुचेना झालं की डब्यात हात घालायचा. चोरी केल्यासारखं कधी वाटलं नाही. नाटक कंपनीत जंगलाचा पडदा मूळ कुणी रंगवला हे कोण विचारतं?

मी ती अकरा पानं वाचली. बारीक, शाळेत गिरवलेलं अक्षर. शाई कुठं निळी, कुठं काळी, शेवटी शेवटी पेन्सिल. माडी उचलून किल्ल्यावर ठेवून बघितली. गोष्टच उरेना. बाई काही करतच नव्हती, तिच्या भोवतीची माडीच सगळं करत होती.

"नाही उचलत," मी म्हणालो.

"मग सोड. पण ती चिठ्ठी बघितलीस का? वर टाचलेली?"

चिठ्ठी चार ओळींची होती. मान्यवर संपादकांस नमस्कार विनंती. गोष्टीतली माणसं बदललीत तरी हरकत नाही. शेवट आपणांस योग्य वाटेल तसा करावा. जागा मात्र बदलू नये.

आबासाहेब हसून हसून खोकायला लागले. "अरे, लेखक म्हणजे शेवटासाठी जीव टाकणारी जात! शेवट तुम्हीच करा म्हणणारी मी पहिल्यांदा बघतोय. म्हणे जागा बदलू नये!"

मीही हसलो. परतीचं तिकीट पाकिटात नव्हतं. तशी हस्तलिखितं आम्ही परत पाठवत नसू. मी कात्री काढली. दोन उतारे कापले, एक माडीचा आणि एक वाटेचा. बाकीचे कागद, चिठ्ठी, नावाचं पान, सगळं रद्दीच्या पोत्यात गेलं. नाव मी वाचलंही असेल. लक्षात राहिलं नाही.

माडीचा उतारा मात्र अजून पाठ आहे. ऐका.

"माडीला एकच दार. कडी बाहेरून. खिडकी छातीपर्यंत विटांनी बुजवलेली. वर राहिलेल्या फटीतून बरोबर माध्यान्हीला उन्हाची एक पट्टी येते आणि चौथ्या फळीवर बसते. तेवढा वेळ ती पट्टीच्या शेजारी बसते. खाली कुणी चाललं की फळ्या आधी सांगतात. सासूचं पाऊल सहाव्या फळीला कळतं, नवऱ्याचं दुसरीला. दुसरी वाजली की ती भिंतीकडं तोंड करते."

आठ दिवसांनी मला दिवाळी अंकासाठी गोष्ट द्यायची होती आणि डोकं कोरडं पडलं होतं. मी डब्यात हात घातला. हा पुठ्ठा वर आला. मग काय! ती माडी मी उचलली आणि देवगडजवळच्या एका बंगल्यावर नेऊन ठेवली. सासूच्या जागी बंगल्याचा खानसामा आला, नवऱ्याच्या जागी एक गोरा साहेब, आणि माडीवरच्या बाईला मी शंभर वर्षांपूर्वी मारून टाकली. मेलेल्या बाईला काहीही करता येतं.

उतारा लिहून काढत असताना एक झालं. दुपार होती. गिरणीचा बाराचा भोंगा वाजला. 'कडी बाहेरून' हे शब्द मी लिहिले आणि माझे पाय घोट्यापर्यंत गार पडले, ओढ्यात उभं राहिल्यासारखे. वर पत्रे तापलेले, कपाळावर घाम, आणि पाय गार. मी उठलो आणि आमच्या कचेरीच्या दाराची कडी बघितली. आतून होती. उघडली, परत लावली, आणि येऊन बसलो.

मुद्रितं बघताना आबासाहेब त्याच ओळीवर अडले. "वामन, माणूस आत आणि कडी बाहेर?"

"मूळ उताऱ्यात तसंच होतं."

"असू दे मग. घाबरतील."

आणि घाबरले हो लोक! दिवाळी अंक हातोहात गेला. पत्रांवर पत्रं. बेळगावच्या एका वकिलांनी लिहिलं की, बाकी गोष्ट ठीक आहे, पण ती माडी मात्र तुम्ही डोळ्यांनी बघितलेली दिसते. आबासाहेबांनी ते पत्र काचेखाली लावलं. मी रुबाबात हिंडत होतो.

पौष उजाडला. त्या महिन्यात ह्याच देवळात शिवरामबुवा ओझरकरांची कीर्तनं होती. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असतील. उंच, काळेसावळे, पायांत चाळ नाहीत की काही नाही, नुसत्या चिपळ्या. पण उभे राहिले की मागचा गाभारासुद्धा ऐकतोय असं वाटायचं. मी रोज सातला येऊन पहिल्या रांगेत बसायचो. पोटासाठी भुतं लिहीत होतो खरा, पण जीव इथं होता.

त्या दिवशी बुवांनी उत्तररंगाला एक साधीच कथा लावली. एका गवळ्याची लेक पाण्याला गेली असताना घोडेस्वारांनी तिला उचलली. तोंड बांधलं, ओरडता येईना. मग तिनं काय केलं? हातातली एकेक बांगडी काढून वाटेवर टाकत गेली. ह्या वळणावर एक, त्या ओढ्यापाशी एक. माझा बाप येईल, बांगडी बघेल, पुढं येईल. बुवा प्रत्येक बांगडीला चिपळी वाजवायचे. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या.

मग त्यांनी चिपळ्या थांबवल्या. पेटीवाल्यालाही हातानं थांबवलं.

"बापाच्या आधी बाजारकरी आले," ते म्हणाले. "चांगली माणसं हो, माळकरी. त्यांना बांगडी दिसली. म्हणाले, काय सुरेख आहे! उचलली, पुसली. पुढच्या वळणावर दुसरी. घरी नेऊन ज्यानं त्यानं आपापल्या लेकीसुनांच्या हातांत घातल्या. पाप नव्हतं कुणाच्या मनात. त्यांच्या मागून बाप आला. वाट कशी होती?"

बुवांनी चिपळ्या कमरेला खोचल्या.

"स्वच्छ होती," बुवा म्हणाले.

पुढं देवानं त्या बापाला वाट कशी दाखवली ते बुवांनी रंगवून सांगितलं, गजर झाला, लोकांनी टाळ्यांनी देऊळ डोक्यावर घेतलं. मी ऐकत नव्हतो. माझे पाय घोट्यापर्यंत गार झाले होते. बुक्का लावून घ्यायला रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला, तेव्हा बुवा माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "काय झालं रे लेकरा?"

"बुवा," मी म्हणालो, "बांगड्या उचलणाऱ्यांनी नंतर काय करायचं?"

त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. "ज्याच्या त्याला नेऊन द्यायच्या. हात रिकामा असला तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या मी डबा काढला. 'वाटा' ह्या कप्प्यात तळाशी तो दुसरा पुठ्ठा होता. कापताना मी त्यावरून नजर फिरवली होती, एवढंच. आता वाचला.

"हिरडवड्याच्या फाट्यावर उतरावं. वेशीतून येऊ नये, तिथं विचारपूस होते. फाट्यावरून पाणंदीनं यावं. परटाचा घाट लागतो, मग गुऱ्हाळ, गुऱ्हाळामागं सात पायऱ्यांचं घर. दुपारी यावं. तेव्हा माणसं मळ्यात असतात, सासू तेवढी असते आणि ती डोळा लावते."

कुठल्या गोष्टीत लिहिणारी वाचणाऱ्याला सांगते, की येणार असाल तर दुपारी या?

गोष्ट नव्हतीच ती. पत्र लिहिलं असतं तर घरच्यांनी फोडून वाचलं असतं. स्पर्धेची भुताची गोष्ट कुणी कशाला शेवटपर्यंत वाचेल? तिनं आपला पत्ता लिहून पाठवला होता, आणि मी तो दोन तुकडे करून डब्यात घातला होता.

"कुठं निघालास?" जिन्यात आबासाहेब भेटले.

"हिरडवड्याला."

"काय आहे तिथं?"

"माडी," मी म्हणालो आणि एसटी स्टँडकडं पळालो.

फाट्यावर उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. एक सांगतो, मी आयुष्यात पहिल्यांदाच त्या गावी जात होतो, आणि मला एकालाही वाट विचारावी लागली नाही. पाणंद जिथं हवी तिथं होती. परटाचा घाट होता, एक म्हातारी परटीण दगडावर धुणं आपटत होती, तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि आपटायची थांबली. गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीतल्या रसाचा वास सगळ्या रानात भरलेला. गोड, जड वास. त्यामागं घर. मी पायऱ्या मोजल्या. सात.

सासूनं डोळा लावला नव्हता. सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. गोरीपान, ठेंगणी, कपाळ मोकळं, चेहऱ्यावर हसू. आपल्या कुणाच्याही आजीसारखी.

"कोण पाहिजे?"

खोटं सुचलं नाही. "कोल्हापुरातनं आलोय. 'काळछाया' मासिकातनं."

"अगं बाई! भुताच्या मासिकातनं? या की, बसा. लांबनं आलासा." तिनं सूप बाजूला ठेवलं, तांब्याभर पाणी आणलं. "दिवाळीला ती फळीवरच्या उन्हाची गोष्ट आलती, ती कुणाची हो?"

"माझी," मी म्हणालो.

देवा, तेव्हासुद्धा मी 'माझी' म्हणालो.

"मला लई आवडतात भुताच्या गोष्टी. बारीक अक्षर दिसत नाही आता, मुलगा वाचून दाखवतो. आधी सून वाचायची, तिचं वाचणं चांगलं होतं. पण तिला बाहेरचं झालं, मग वर ठेवायला लागली." तिनं माडीकडं बोट दाखवलं. "तुमची ती साडीची स्पर्धा होती बघा, तिला तिनंबी पाठवलं होतं काहीतरी. मुलानंच टपालात टाकलं. म्हटलं, लिहू दे, जीव रमतोय तर."

"सूनबाईंनी माझी गोष्ट वाचली?"

"तीच तर गंमत सांगते." म्हातारी माझ्याजवळ सरकली. "वसुबारसेला अंक आला. इथंच, तुम्ही बसलाय तिथं बसून मुलगा मोठ्यानं वाचत होता. 'फळ्या आधी सांगतात' इथवर आला आणि पान उलटायला थांबला. तर पुढची ओळ वरनं आली."

"वरनं?"

"माडीवरनं. सून बोलली. पान उलटून बघितलं तर ओळ तीच, शब्दाला शब्द. अंक तर तिनं डोळ्यानं बघितलेला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला! मुलगा म्हणाला, आई, ही ओळ हिला कशी ठाऊक? मग त्यानं परत पहिल्यापासनं वाचलं. कडी, खिडकी, सहावी फळी. तवा त्याच्या ध्यानात आलं, हिनं काय धाडलं होतं ते."

"मग?"

"मग तो वर गेला."

म्हातारीनं डबीतून गुळाचा एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या. आपल्याच गुऱ्हाळाचा आहे."

तो खडा मी तोंडात घालू शकलो नाही. हातातच चिकट होत राहिला. "सूनबाई आता कुठं आहेत?"

"गेली की. भाऊबीजेला. ताप भरला." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला, माडी दाखवते. तुम्ही तर बघायलाच पाहिजे. न बघता कशी हो लिहिलीत एवढी हुबेहूब?"

जिना चढताना ती पुढं, मी मागं. दाराला कडी बाहेरून होती. तिनं ती सवयीनं काढली. आत स्वच्छ झाडलेलं, रिकामं, आणि भर दुपारी काळोख. खिडकी आता पूर्ण बुजवलेली होती. विटा वरपर्यंत, त्यावर नवा गिलावा, त्यावर चुना. फट म्हणून कुठं नव्हती. मी हात फिरवून बघितला. भिंत गार आणि सलग.

"हळू," म्हातारी म्हणाली. "आता येईल."

"काय?"

तिनं फळीकडं बोट केलं. लांब कुठंतरी देवळातली दुपारची घंटा वाजली, आणि चौथ्या फळीवर उन्हाची पट्टी आली.

चार बोटं रुंद, हातभर लांब. पिवळीधमक. मी खिडकीकडं बघितलं, कौलांकडं बघितलं. कुठून येत होती, सांगता यायचं नाही. म्हातारीनं लुगडं सावरलं आणि त्या पट्टीला वळसा घालून भिंतीच्या कडेनं पलीकडं गेली, कुणी जेवायला बसलेलं असावं आणि पाय लागू नये म्हणून जपावं, तशी.

"रोज येतं," ती म्हणाली. "मुलानं विटा दोनदा बदलल्या. बसतं तेवढं आणि जातं. आपण मधी जायचं नाही. तिची बसायची जागा आहे ती."

मी खाली बसलो. का ते मला माहीत नाही. पट्टीवर हात ठेवला. फळी उबदार होती, आणि ऊन माझ्या हातावर आलं नाही. हाताच्या खालीच राहिलं. माझी बोटं काळी दिसत होती आणि त्यांच्या मधून फळी उजळलेली.

"सूनबाईंचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"घरात घेत नाही आम्ही." म्हातारी पहिल्यांदाच हसायची थांबली. "घेतलं की दुसरी फळी वाजते, आणि मुलाला झोप लागत नाही."

ऊन गेलं. गेलं म्हणजे सरकत सरकत नाही. दिवा मालवावा तसं गेलं.

मी सात पायऱ्या कशा उतरलो, गुऱ्हाळ कसं ओलांडलं, आठवत नाही. घाटावर ती परटीण उभी होती, धुण्याचा पिळा हातात तसाच धरून. मला बघून वाटेत आली.

"त्या घरातनं आलासा न्हवं? कोण म्हणायचं तुम्ही?"

"मासिकातला आहे. गोष्टी छापतात, तिथला."

तिनं पिळा दगडावर ठेवला. हात लुगड्याला पुसले. "म्हंजे यायचे हुते ते तुम्हीच व्हय?"

"कोण यायचे होते, मावशी?"

"वसुबारशीच्या दुसऱ्या दिशी मी धुणं न्यायला गेल्ते. मागच्या भिंतीकडनं. वरनं हाक आली, 'गोदाक्का, गोदाक्का, माझी गोष्ट छापून आली.' आवाज पार बसलेला, पर हसत हुती बया! दोन वरसात पहिल्यांदा हसली. म्या म्हटलं, मग गं? तर म्हणली, 'आता येतील. वाट लिहून दिलीया मी.' तवापासनं म्या बी बघते, पाणंदीनं कोण येतंय काय." तिनं माझ्या बुटांकडं बघितलं, पाणंदीची माती लागली होती. "भाऊबीजेला उचलली तिला. ताप म्हनत्यात. आम्हा बायांना आंघोळ घालू दिली न्हाई, तोंड बी बघू दिलं न्हाई."

"तिला कोंडली का होती?"

"पळून माहेरी निघालीती एकदा. फाट्यावरनं धरून आणली. तवापासनं कडी." ती थांबली. "तुम्हीच का ते?"

नाही म्हणता आलं असतं. मी तिचं पत्र फाडलं होतं, तिच्या शब्दांवर माझं नाव घातलं होतं, ते शब्द तिच्याच घरात मोठ्यानं वाचले गेले म्हणून तिचं भांडं फुटलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत एक प्रश्न अडीच महिने थांबलेला होता.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"लई उशीर केलासा," ती म्हणाली. रागानं नाही. एसटी चुकलेल्याला सांगावं तसं. मग जवळ येऊन, कुणी ऐकत नसताना आवाज खाली आणून, तिनं मला नाव सांगितलं आणि माहेरचं गाव सांगितलं.

फौजदाराकडं मी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तापाचा दाखला दाखवला, आणि फळीवरच्या उन्हाची फिर्याद कुठल्या कलमाखाली घ्यायची ते मलाच विचारलं. आबासाहेबांना म्हटलं, पुढच्या अंकात छापा, ती माडी माझी नव्हती. ते बराच वेळ तपकिरीची डबी फिरवत बसले. त्यांचेही डोळे भरले होते, खोटं सांगत नाही. "छापलं तर मासिक बुडेल रे," एवढंच म्हणाले. मी दोन पुठ्ठे खिशात घातले आणि ती कचेरी सोडली, ती कायमची.

माहेर कोडेगावला. बाप शिंपी, तातोबा माळवदे. ओट्यावर मशीन टाकून बसलेला वाळका माणूस. लेकीला दोन वर्षं भेटू दिलं नव्हतं, आणि गेल्याचा निरोप दहाव्याच्या दिवशी आला होता. मी कोण ते सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं. त्यानं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं आणि विचारलं, "कुठं ठेवलीती तिला? आम्हाला सोप्याच्या पुढं कधी जाऊ दिलं न्हाई."

मी पुठ्ठे काढले. आधी वाटेचा वाचला, मग माडीचा. तिनं लिहिले होते त्याच क्रमानं. देवगड नाही, खानसामा नाही, गोरा साहेब नाही. हिरडवड्याचा फाटा, पाणंद, परटाचा घाट, गुऱ्हाळ, सात पायऱ्या, माडी. तातोबा मांडीवरच्या कापडावर बोट फिरवत होता, वळणं आली तशी वळवत. बोट कापडाच्या काठाशी येऊन थांबलं.

"परत वाचा," तो म्हणाला. "जरा सावकाश."

मी परत वाचलं. मग परत. संध्याकाळपर्यंत किती वेळा वाचलं, मोजलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बाराला उन्हात बसत हुती, म्हंजे तेवढं बरं झालं. लहानपणापासनं थंडी लई वाजायची तिला."

दोन्ही पुठ्ठे मी त्याच्याजवळ ठेवून आलो.

बुवा आले वाटतं, चपला काढतायत. उठू या. माझं मागणं एवढंच. आरती झाल्यावर डोळे मिटून आपापल्या गेलेल्या माणसांची नावं घ्याल, त्यांत आज एक नाव जास्त घ्या. त्या घरात ते कुणी घेत नाही. सगुणा. कोडेगावच्या तातोबा माळवद्यांची सगुणा.